वाचकांचे प्रश्न : चिमणीतून न निघणारा ओझोन

नवे कारखाने, त्यांची संमतीपत्रे आणि उन्हाळ्यातला ओझोन यांवर नागपूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : कुठल्याच कारखान्याच्या चिमणीतून ओझोन बाहेर पडत नाही असे वाचले. मग नव्या कारखान्याला ओझोनचा नियम लावायचा तरी कसा? (हिंगणा मार्ग)

वाचलेत ते बरोबर आहे, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. जमिनीलगतचा ओझोन हवेतच तयार होतो. त्याला तीन गोष्टी लागतात. बॉयलर, इंजिन, भट्टी अशा ठिकाणच्या ज्वलनातून येणारे नायट्रोजनचे ऑक्साइड; थिनर, पेट्रोल, रंग, शाई यांतून उडून जाणारी सेंद्रिय वाफ; आणि वर तळपणारे ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणू फुटतो, सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन बनतो. एरवी त्या फुटीत उरलेला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला लगेच खाऊन टाकतो. पण हवेत सेंद्रिय वाफ असली की नायट्रिक ऑक्साइड तिच्यापासून बनलेल्या घटकांशी गुंततो आणि ओझोन साचत जातो.

त्यामुळे ओझोनला कायद्याने धरायचे तर त्याच्या कच्च्या मालाला धरावे लागते. आपल्याकडे दोन वेगळे धागे आहेत. एक म्हणजे परिसरातल्या हवेचे मानक. १८ नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय अधिसूचनेनुसार ओझोनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि एका तासाला १८० आहे. वर्षातल्या ९८ टक्के वेळा ती पाळली गेली पाहिजे. उरलेल्या दोन टक्क्यांत ओलांडली तर चालते, पण लागोपाठच्या दोन दिवशी नाही. दुसरा धागा चिमणीच्या तोंडाशी असतो. हवा कायदा, १९८१ च्या कलम २१ खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्याला संमती देते आणि त्यात किती धूळ, किती सल्फर, किती नायट्रोजन ऑक्साइड सोडता येईल ते लिहिते.

हे दोन धागे एकमेकांना बांधलेले नाहीत. हवेतला ओझोन मर्यादेबाहेर गेला म्हणून त्या भागात येणाऱ्या पुढच्या कारखान्याची संमती आपोआप कडक होत नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नागपूर आहे खरे, पण २०१९ साली सुरू झालेल्या त्या कार्यक्रमाचे उद्दिष्ट धूलिकणांपुरते आहे. धूळ कमी झाली की शहर पास. ओझोनचा पेपरच नाही.

प्रश्न : मोबाइलवर कधी ओझोन ९० दिसतो, कधी ४५. सकाळी फिरायला जाताना तर जवळजवळ शून्य. खरे काय समजायचे? (सिव्हिल लाइन्स)

आधी एकक बघा. काही अ‍ॅप पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत किती भाग) दाखवतात, काही मायक्रोग्रॅम. २५ अंश तापमानाला १ पीपीबी म्हणजे सुमारे १.९६ मायक्रोग्रॅम. म्हणून ४५ पीपीबी आणि ८८ मायक्रोग्रॅम ही एकच गोष्ट झाली. आपली १०० ची मर्यादा साधारण ५१ पीपीबीला येते. तिसरा प्रकार हवा गुणवत्ता निर्देशांकाचा. त्यात आकड्याला एककच नसते आणि ओझोनचा १६८ मायक्रोग्रॅम हा निर्देशांकावर २०० होतो.

सकाळचा शून्य खोटा नाही. रात्री ओझोन बनत नाही आणि वाहनांमधून येणारा नायट्रिक ऑक्साइड उरलासुरला ओझोन संपवतो. सूर्य वर येतो तसा आकडा चढतो, दुपारी एक ते चार या वेळात शिखर गाठतो आणि दिवेलागणीला उतरतो. रस्त्याला लागून असलेल्या केंद्रावर तो मुळातच कमी दिसतो. म्हणजे ट्रॅफिक जास्त तिथे ओझोन कमी आणि शहराबाहेरच्या शांत गावात जास्त, असे उलटे चित्र मिळते.

शहरात सिव्हिल लाइन्स, महाल, रामनगर, अंबाझरी इथे मंडळाची सतत मोजणारी केंद्रे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या (सीपीसीबी) संकेतस्थळावरून त्यांचे तासातासाचे आकडे उतरवून घेता येतात. आठवड्यातून दोनदा नमुना घेणाऱ्या हातमोजणीच्या केंद्रांवर धूळ, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड मोजतात, ओझोन नाही. तेव्हा एखाद्या औद्योगिक वसाहतीत केंद्र आहे एवढ्यावर समाधान मानू नका, ते कुठल्या प्रकारचे आहे ते विचारा.

उतरवलेल्या आकड्यांत दिवसरात्र एकच सपाट रेष दिसली तर हवेपेक्षा यंत्रावर संशय घ्या. यंत्र २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश हवेतून सोडते आणि ओझोनने किती शोषला ते मोजते. तुलनेसाठी ओझोन काढून टाकणारा स्क्रबर जुना झाला, दिवा मंदावला किंवा हवा ओढणाऱ्या नळीत धूळ बसली की आकडा पडतो. टेफ्लॉनऐवजी साधी रबरी नळी लावली तर ओझोन वाटेतच नष्ट होतो. घरगुती स्वस्त सेन्सर नायट्रोजन डायऑक्साइडलाही ओझोन समजतात. त्यांच्या जोरावर तक्रार करू नये.

प्रश्न : आमच्या भागात वीज प्रकल्पाचा विस्तार आहे. पर्यावरण अहवालाच्या मराठी सारांशात 'परिणाम नगण्य' असे लिहिले आहे. जनसुनावणीत नेमके काय विचारायचे? (कोराडी परिसर)

कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या आणखी दोन संचांची जनसुनावणी मे २०२३ मध्ये झाली तेव्हाही हाच प्रश्न होता. इतर कुठल्याही विस्ताराला पुढचे उत्तर तसेच लागू पडेल.

प्रक्रिया थोडक्यात अशी. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेखाली ५०० मेगावॉट किंवा त्याहून मोठा कोळशाचा प्रकल्प केंद्राकडे जातो. सुनावणीची जाहिरात किमान ३० दिवस आधी यावी लागते आणि त्यातले एक वर्तमानपत्र स्थानिक भाषेचे असावे लागते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि मंडळाचे प्रादेशिक कार्यालय इथे बघायला ठेवतात. सारांशावर थांबू नका, पूर्ण मसुदा मागा. सुनावणीत बोलायला तीन मिनिटे मिळाली तर त्यात आकडे मावत नाहीत. म्हणून हरकत लेखीही द्या आणि पोच घ्या. सुनावणी संपताना इतिवृत्त वाचून दाखवणे बंधनकारक आहे. तुमचा मुद्दा त्यात आला नसेल तर तिथेच उठून सांगा. नंतर सांगून उपयोग होत नाही.

आता विचारायचे काय. अहवालात नायट्रोजन ऑक्साइड मिलिग्रॅम प्रति घनमीटर या एककात असेल. ती तीव्रता झाली. ओझोनच्या हिशेबाला वजन लागते, म्हणून पहिला प्रश्न असा : वर्षाला किती टन? उत्तर मिळाले नाही तरी ढोबळ हिशेब तुम्हीच मांडू शकता. कोळशावरच्या संचात एका मेगावॉट-तासाला साधारण साडेतीन हजार सामान्य घनमीटर धूर निघतो. ६६० मेगावॉटला ताशी सुमारे २३ लाख घनमीटर. १ जानेवारी २०१७ पासूनच्या नव्या संचांना १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे एका संचातून ताशी २३० किलो. दोन संच, वर्षातले ८५ टक्के तास, असे धरले तर सुमारे ३,४०० टन. मर्यादा तंतोतंत पाळूनही एवढे. २००४ ते २०१६ मधल्या संचांची मर्यादा डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेत ३०० होती, ऑक्टोबर २०२० मध्ये ती ४५० करून दिली. त्या हिशेबाने असा एक जुना संच ताशी हजार किलोपर्यंत सोडू शकतो. म्हणून नव्याबरोबर जुन्याचेही टन मागा आणि कुठला जुना संच कधी बंद होणार हे तारखेनिशी लिहून मागा. तोंडी आश्वासन मंजुरीच्या अटीत येत नाही.

दुसरा प्रश्न मॉडेलचा. अशा अहवालांत धूर कसा पसरतो ते बघायला बहुधा एरमॉड वापरतात. त्याने धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड जमिनीवर किती वाढेल ते कळते. ओझोन बनण्याची रसायने त्यात नसतात. त्याला सीमॅक किंवा डब्ल्यूआरएफ-केम असले वेगळे मॉडेल चालवावे लागते. ते चालवलेच नसेल तर ओझोनबाबतच्या 'नगण्य' या शब्दाला आधार काय, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. शिवाय अभ्यासक्षेत्र दहा किलोमीटरच्या त्रिज्येचे असते. वारा ताशी दहा किलोमीटरचा आणि ओझोन तयार व्हायला तीन-चार तास असे धरले तर शिखर ३०-४० किलोमीटरवर येईल. उन्हाळी दुपारी आपल्याकडे वारा बहुधा पश्चिम-वायव्येचा. म्हणजे ज्यांना सुनावणीचे आमंत्रणही नाही अशा कुही-उमरेडकडच्या गावांवर तो धूर पोचेल.

तिसरा प्रश्न मोजणी कुठल्या ऋतूत केली याचा. पावसाळा सोडून कुठल्याही एका ऋतूची पार्श्वभूमी मोजणी चालते. ती डिसेंबर-जानेवारीत केली असेल तर धुळीला ते कडक ठरते आणि ओझोनला फारच सौम्य. मार्च ते मे ची मोजणी मागा आणि ओझोनचे आकडे आठ तासांच्या सरासरीचे आहेत की सकाळी घेतलेल्या एखाद्या नमुन्याचे, ते तपासा. ही पळवाट वारंवार दिसते.

चौथा प्रश्न यंत्रणेचा. कमी-नॉक्स बर्नर, म्हणजे मुळात नायट्रोजन ऑक्साइडच कमी तयार करणारा बर्नर, ही पहिली पायरी. १०० ची मर्यादा गाठायला पुढे एससीआर लागते, म्हणजे अमोनिया आणि उत्प्रेरक वापरून साधारण ३०० ते ४०० अंशांवर नायट्रोजन ऑक्साइड मोडायचे. आपल्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के. ती उत्प्रेरकाच्या जाळीत अडकते आणि त्याला झिजवते. तेव्हा उत्प्रेरकाचे थर किती, बदलणार कधी, अमोनियाची गळती किती धरली आहे, हे विचारा. केवळ 'एससीआरसाठी जागा राखून ठेवली आहे' असे वाक्य असेल तर यंत्रणा बसवलेली नाही एवढाच त्याचा अर्थ.

शेवटी एक खाचखळगा. धुरात जास्तीची हवा मिसळली की तीव्रता कमी दिसते, म्हणून कोळशाच्या धुराचा आकडा ६ टक्के ऑक्सिजनवर आणून वाचायचा असतो. मोजलेला आकडा गुणिले १५, भागिले (२१ वजा प्रत्यक्ष ऑक्सिजन). १२ टक्के ऑक्सिजनला २०० मिलिग्रॅम मोजले असतील तर खरे मूल्य ३३३ होते. तक्त्यात ऑक्सिजनचा रकाना नसेल तर तो तक्ता निरुपयोगी आहे. उंच चिमणीच्या कौतुकालाही भुलू नका. उंचीने सल्फर गावावरून पुढे जाईल, पण ओझोनचा कच्चा माल एक किलोनेही घटणार नाही.

मंजुरी मिळाली आणि ती आव्हानित करायची असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत जावे लागते. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यापुढे दार बंद. आपल्यासाठी पश्चिम विभागाचे पीठ पुण्याला आहे.

प्रश्न : अमेरिकेत नव्या कारखान्याला आधी जुने प्रदूषण कमी करून दाखवावे लागते म्हणतात. खरे आहे का? (विधी शाखेची विद्यार्थिनी, धंतोली)

हो, पण सगळीकडे नाही. तिथल्या स्वच्छ हवा कायद्यात १९७७ च्या दुरुस्तीने नव्या स्रोतांची बांधकामापूर्वीची तपासणी आली आणि १९९० च्या दुरुस्तीने ओझोनसाठी पायऱ्या ठरल्या. ओझोनचे मानक न गाठणाऱ्या प्रदेशांचे सौम्य, मध्यम, गंभीर, तीव्र आणि अतितीव्र असे वर्ग केले. मानक २०१५ पासून आठ तासांना ७० पीपीबी आहे, म्हणजे आपल्यापेक्षा सैल. फरक आहे तो मानक ओलांडल्यावर काय होते यात.

अशा प्रदेशात मोठा नवा कारखाना यायचा तर त्याला खर्चाची सबब न सांगता उपलब्ध असलेले सर्वांत कमी उत्सर्जनाचे तंत्र बसवावे लागते. वर, तो जेवढे टन सोडणार त्याहून जास्त टन त्याच प्रदेशातल्या दुसऱ्या कुणी कायमचे कमी केल्याचा पुरावा द्यावा लागतो. मध्यम वर्गात हे प्रमाण १.१५ ला १, तीव्र वर्गात १.३ ला १, अतितीव्र वर्गात १.५ ला १. मोठा कोणाला म्हणायचे तेही वर्गाप्रमाणे बदलते. मध्यम वर्गात वर्षाला १०० टन, अतितीव्र वर्गात दहाच टन. लॉस एंजेलिसचा परिसर या शेवटच्या वर्गात मोडतो. वरच्या उत्तरातल्या ३,४०० टनांना मध्यम वर्गाचे प्रमाण लावले तर ३,९०० टनांची कपात आधी दाखवावी लागली असती.

या पद्धतीतही खोट आहे. नव्याला एवढे कडक आणि जुन्याला सैल ठेवल्यामुळे तिथल्या कंपन्यांनी जुनी वीजकेंद्रे डागडुजी करत दशकानुदशके चालवली. आपण नक्कल करायची झाली तर ही चूक वगळून करावी. क्षेत्र बघून निर्बंध घालण्याचा आपला जवळचा अनुभव चंद्रपूरचा. २००९ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुण मिळाले आणि जानेवारी २०१० मध्ये तिथल्या नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्या काही काळ थांबवल्या गेल्या. टनाला टन अशी भरपाई मात्र तिथेही नव्हती.

प्रश्न : बुटीबोरीत फॅब्रिकेशन आणि स्प्रे पेंटिंगचे छोटे युनिट टाकतो आहे. वॉटर कर्टन बूथ घेतला आहे. वाफेसाठी कार्बन फिल्टर लावला की पुरे का? (लघुउद्योजक)

मशिनरीची ऑर्डर देण्याआधी स्थापनेची संमती घ्या आणि उत्पादन सुरू करण्याआधी चालवण्याची. बूथ आधी घेतलात, आता निदान पुढचे पाऊल तरी हिशेब करून टाका.

हिशेब सोपा आहे. महिन्याला थिनर आणि रंगातले द्रावक मिळून २०० लिटरचे दहा ड्रम लागतात असे धरा. घनता ०.८७ धरली तर १,७४० किलो. त्यातले ४०० किलो पुनर्प्रक्रियेला परत गेले, १४० किलो गाळात राहिले. उरलेले १,२०० किलो कुठे गेले? हवेत. वर्षाला १४.४ टन. खरेदीची बिले आणि घातक कचऱ्याचे मॅनिफेस्ट शेजारी ठेवले की हा आकडा कुणालाही काढता येतो, तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यालाही.

वॉटर कर्टनने, म्हणजे पाण्याच्या पडद्याने, रंगाचे तुषार अडतात. झायलीन, टोल्युईन पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, त्यांची वाफ सरळ पुढे जाते. कार्बनचे गणित बघा. प्रत्यक्षात तो स्वतःच्या वजनाच्या दहा टक्के वाफ धरेल असे समजले तर १,२०० किलोसाठी महिन्याला १२ टन कार्बन बदलावा लागेल. कोण बदलतो? दोन-तीनशे किलोची पेटी बसवतात, ती एका दिवसातच भरते आणि पुढे वर्षभर शोभेला राहते. त्यात बूथमधून येणारी हवा ओलसर असते. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांवर गेली की कार्बन वाफेऐवजी पाणी धरू लागतो. आपल्याकडे नवतप्यात ४५ अंशांची हवा आत येते, आणि तापमान ४० च्या वर गेले की त्याची धारणक्षमता आणखी घसरते. थिनरमध्ये एमईके किंवा सायक्लोहेक्झॅनोनसारखे कीटोन असतील तर कार्बनचा थर आतून तापून पेट घेऊ शकतो.

म्हणून आधी वापरच कमी करा. वस्तू धातूची आणि भट्टीत मावणारी असेल तर पावडर कोटिंग हाच खरा उपाय, त्यात द्रावक जवळजवळ नसतेच. ते जमत नसेल तर जास्त घनांशाचा किंवा पाण्यावर आधारित रंग घ्या. जुन्या गनमधला पंचवीस-तीस टक्के रंगच वस्तूवर बसतो, कमी दाबाने जास्त हवा सोडणाऱ्या एचव्हीएलपी गनने तो ६५ टक्क्यांपर्यंत जातो. गन धुण्याचे थिनर बंद पेटीत वापरा, डब्यांना झाकणे लावा, चिंध्या झाकणाच्या पिंपात टाका. द्रावक कुठले हेही महत्त्वाचे. वजनाला वजन, झायलीन टोल्युईनच्या जवळजवळ दुप्पट ओझोन करते. अ‍ॅसिटोन फारच कमी करते, पण आग चटकन धरते.

एवढे करून उरलेल्या वाफेसाठी यंत्रणा निवडा आणि बूथबरोबर वाळवणीची जागा व ओव्हनचा निकासही तिला जोडा. बरीचशी वाफ तिथेच सुटते आणि तोच पाइप लोक सरळ छपराबाहेर काढतात. मोठ्या प्रमाणावर काम असेल तर ८०० ते ८५० अंशांवर वाफ जाळणारे आरटीओ (रीजनरेटिव्ह थर्मल ऑक्सिडायझर) ९५ टक्क्यांहून अधिक वाफ नष्ट करते. मात्र आत जाणारी तीव्रता स्फोटमर्यादेच्या २५ टक्क्यांखाली ठेवावी लागते. कार्बनच लावायचा तर आधी कोरडा फिल्टर बसवा, नाहीतर रंगाच्या कणांनी त्याचे तोंड आठ दिवसांत बंद होते.

जनरेटर नवा घ्याल तेव्हा ८०० किलोवॉटपर्यंतच्या संचाला १ जुलै २०२३ पासून लागू झालेले सीपीसीबी चार-प्लस मानक आहे का ते प्लेटवर पाहा. धुराड्याची उंची म्हणजे इमारतीची उंची अधिक केव्हीएच्या वर्गमूळाचा ०.२ पट. २५० केव्हीए आणि ८ मीटरची शेड असेल तर ११.२ मीटर.

प्रश्न : ओझोनने संत्र्याचे नुकसान होते का? (काटोल)

लिंबूवर्गीय झाडांचे उत्पादन ओझोनने घटते हे कॅलिफोर्नियातल्या प्रयोगांत दिसले आहे. तुमच्या बागेतली गळ मात्र लगेच ओझोनच्या माथी मारू नका. पाणी, बुरशी आणि कोळशी आधी तपासा. सोयाबीन आणि गहू ओझोनला जास्त नाजूक. सोयाबीन ढगाळ खरिपात असल्यामुळे थोडे सुटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दाणा भरणारा गहू ऐन उन्हात सापडतो. ओझोनचा मार पानाच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या भागात बारीक ठिपक्यांनी दिसतो आणि जुन्या पानांवर आधी. खालच्या बाजूला बुरशी दिसली तर कारण वेगळे.

प्रश्न : आमचा बाटलीबंद पाण्याचा नवा प्लांट आहे. ओझोनेटरमुळे आम्हीही ओझोनचे प्रदूषक ठरतो का? (कळमेश्वर)

शहराच्या हवेच्या हिशेबात नाही. पण ओझोन थेट तयार करणारे जे थोडे उद्योग आहेत त्यांत तुम्ही येता, आणि धोका तुमच्या कामगारांना आहे. कामाच्या जागेची मर्यादा आठ तासांना ०.१ पीपीएम, म्हणजे १०० पीपीबी. वास त्याहून खूप कमी तीव्रतेलाही येतो, पण थोड्या वेळाने नाक सरावते. म्हणून 'आता वास येत नाही' याला काही अर्थ नाही. टाकीत न विरघळलेला ओझोन वरच्या व्हेंटमधून बाहेर येतो. त्या व्हेंटवर मँगनीज डायऑक्साइडच्या उत्प्रेरकाचा ओझोन नाशक लावा आणि त्याआधी पाणी वेगळे करणारा सापळा ठेवा, कारण उत्प्रेरक भिजला की काम थांबवतो. ओझोन हवेपेक्षा जड असतो, म्हणून एक्झॉस्ट पंखा जमिनीलगत हवा आणि गळतीचा सेन्सर नाकाच्या उंचीवर. सेन्सरने ०.१ दाखवताच ओझोनेटर आपोआप बंद पडेल असा रिले जोडून घ्या. साधे रबरी वॉशर ओझोनने तडकतात. महिन्यातून एकदा सांध्यांवरून पोटॅशियम आयोडाइडची ओली स्टार्चपट्टी फिरवा. निळी पडली तर तो सांधा उघडून टेफ्लॉनचा वॉशर घाला.